आकाशांतील पाठ आणि वर्गांतील गुरु

नोकरींत असलेल्या खेड्यांतील शिक्षकाला नवें कांहीं शिकवावयाचें, तर त्याला शाळा सोडवून शहरीं आणावें लागे. १९७५-७६ सालीं भारतानें ‘साइट’ नांवाचा निराळा प्रयोग केला. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ उपग्रह वर्षभर मिळाला असतां सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसविण्यांत आले. त्याच संचांसमोर, बारा-बारा दिवसांच्या दोन सत्रांत, जवळजवळ ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचें अध्यापन शिकविण्यांत आलें.

परंतु पडद्यावरील चित्राला शंका विचारतां येत नाहीं. म्हणून त्या पाठांना आकाशवाणीचे कार्यक्रम, छापील पुस्तिका, स्वहस्तें करावयाचे प्रयोग आणि केंद्रावरील मार्गदर्शकांसह चर्चा यांची जोड देण्यांत आली. एकच उत्तम पाठ हजारों ठिकाणीं पोंचविणें हें उपग्रहाचें काम. तो शिक्षकाच्या अंगवळणीं पाडणें हें वर्गाचें.

३१ जुलै १९७६ रोजीं मुदत संपली व पुढें उपग्रह अमेरिकेकडे परत गेला. आज कचेऱ्यांतून व कारखान्यांतून कांहीं शिक्षण संगणकावर आणि कांहीं वर्गांत दिलें जातें. त्यांतही खर्च वांचविण्यासाठीं वर्गच वगळण्याचा मोह होतो. अशा वेळीं या जुन्या प्रयोगांतील श्रमविभागणी ध्यानांत घेण्याजोगी आहे.