तळ-विलगीकरण (दगड-विटांच्या घरांचे)

भूकंपात जमिनीची हालचाल जशीच्या तशी घरात चढू नये म्हणून पाया आणि भिंती यांच्यामध्ये लवचीक किंवा सरकता आडवा थर घालण्याची पद्धत. रबर आणि पोलादी पत्रे यांचे एकाआड एक थर चिकटवून केलेल्या गाद्या हा तिचा रूढ प्रकार. न्यूझीलंडच्या विल्यम रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात या गादीत शिशाचा गाभा बसवला. धक्क्याची बरीच ऊर्जा तो स्वतःतच जिरवतो.

दगड-विटांचे बैठे घर ताठ असते. त्याचा दोलनकाल, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, साधारण ०.१ सेकंद, आणि कठीण जमिनीवर भूकंपाचा जोर अशाच जलद कंपनांत असतो. विलगीकरणाने दोलनकाल २ सेकंदांच्या आसपास नेला, की भिंतींवरचे बल खूप घटते. खोल, मऊ गाळाच्या जमिनीत मात्र संथ हेलकावेच वाढतात. तिथे हा उपाय घातक ठरू शकतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे गेली, ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला-बाहेरचा थर सांधणारे लांब दगड नाहीत आणि वर मातीचे जड माळवद. पुढे नव्या किल्लारीत एक शाळा आणि एक दुकानांची इमारत अशी दोन एकमजली विटांची बांधकामे रबरी गाद्यांवर उभारली गेली. भारतातले हे आरंभीचे प्रात्यक्षिक. २००१ च्या भूकंपानंतर भुजचे चार मजली रुग्णालयही याच तंत्राने बांधले.

गावातल्या घरांखाली रबर आले नाही, याला केवळ किंमत कारणीभूत नाही. दोलनकाल वजनावरही अवलंबून असतो. हलक्या घराला तो लांबवायचा तर गादी इतकी मऊ आणि सडपातळ करावी लागते, की ती सरकताना कलंडण्याची भीती राहते. म्हणून सामान्य घरासाठी सरकते जोते हाच अधिक आशादायक मार्ग वाटतो. जोत्यावर काँक्रीटचे दोन पट्टे, एकावर एक, आणि त्यांच्यामध्ये गुळगुळीत थर. घर्षणांक ०.२ असल्यास गुरुत्वीय त्वरणाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त त्वरण वर जात नाही. जोर त्याहून वाढला की घर सरकते. रुरकी विद्यापीठात आनंद आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विटांच्या घरांच्या प्रतिकृतींवर याच्या चाचण्या घेतल्या. गवंड्याला जमेल असे हे काम आहे, आणि याचे मोल मोठे आहे.

उणीव अशी, की सरकलेले घर आपोआप जागेवर येत नाही. पाण्याच्या नळांना लवचीक सांधे हवेत, भोवती मोकळी फट हवी. नंतर कोणी ओटा, पायरी किंवा न्हाणी जमिनीपासून भिंतीला भिडवून बांधली, तर तेवढ्या भागात घर पुन्हा जमिनीशी जखडले जाते. शिवाय उरलेला धक्का भिंतींनाच झेलायचा असतो. त्यामुळे दारे-खिडक्यांच्या वरचा सलग पट्टा, कोपऱ्यांची बांधणी आणि सांधणारे लांब दगड विलगीकरण असले तरी लागतातच.