उतारवयातील संताप आणि दादासाहेबांचा भूमिसत्याग्रह

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना संताप हा नेहमी तरुणांच्या खाती मांडला जातो. १९७२ च्या दलित पँथरचा विषय निघाला की ‘सळसळते रक्त’ येतेच. साठी ओलांडलेल्या कार्यकर्त्याबद्दल मात्र ‘आता ते निवळले’ असे म्हटले जाते. आखाडा बाळापुरात इतिहास शिकवताना हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे आयुष्य समोर ठेवले तर ते टिकत नाही.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील या लढ्याचा भार वाहणारे भाऊराव गायकवाड तेव्हा २७ वर्षांचे होते. दगड खाऊन, तुरुंगवास सोसून लढा वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना कळवले की, आपल्या लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा सत्याग्रह नव्हता. त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी. संताप गिळण्याचा हा सल्ला नव्हता. त्याला नवे काम नेमून दिले होते.

ते काम १९५९ मध्ये स्पष्ट दिसले. छप्पन्न वर्षांचे, खासदार असलेले दादासाहेब भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरले. हा तर कम्युनिस्टांचा मार्ग, असा आक्षेप पक्षातल्याच शिकलेल्या मंडळींनी घेतला. त्याच सुमारास रिपब्लिकन पक्षाचे ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. घरातला पहिला पदवीधर म्हणून हा आक्षेप मला अस्वस्थ करतो. खुर्ची मिळालेल्याला स्वतःचा अपमान चटकन कळतो. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याची भूक उशिरा कळते. पदवी नसलेल्या दादासाहेबांना ती कळली होती.

६ डिसेंबर १९६४ रोजी, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी देशव्यापी सत्याग्रह उभा केला. शोकाचा दिवस मागणीचा दिवस झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांची तसबीर लावा, अशी यादी सरकारपुढे ठेवली गेली. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. या यादीतली प्रत्येक मागणी पुढे तपासता येत होती. पूर्ण झाली का, नसेल तर कोणी अडवली, हे नाव घेऊन विचारता येत होते. उतारवयातल्या संतापाचे बळ मला इथे दिसते.

तसबीर लागायला १९९० उजाडले. जमिनीचा प्रश्न अजून संपलेला नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. पण वहितीचा पुरावा हवा. माझे एक चुलते आज सत्तरीचे आहेत. गायरानात ज्वारी पेरली म्हणून त्यांना दंड झाला होता, उभ्या पिकात गुरे सोडली होती. तेव्हा ते कुऱ्हाड घेऊन धावले होते. दंडाच्या पावत्या मात्र त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपल्या. शिक्षेचा तो कागदच वहितीचा पुरावा आहे, हे त्यांना पन्नाशीनंतर उमगले. प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. ती हकीकत सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो, पण तारीख चुकत नाही.

वयाबरोबर राग आपोआप शहाणा होतो असे मात्र नाही. तो दारूत बुडतो, घरातल्या बाईवर निघतो, गटातटांत वाटला जातो. आपल्या पक्षाच्या फुटींनी हे पुरेसे दाखवले आहे. त्याला हिशेब लागतो आणि सोबत लागते.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. शासनाने भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. तो अपवाद मागायला कागद लागणार. म्हणून विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसावे. पेरणीचे साल, दंडाचे साल, पंचनाम्यावर कोणाच्या सह्या होत्या, हे विचारून वहीत उतरवावे. ही माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याबरोबर त्या तारखा गेल्या, तर जमीन मागायला आपल्या हाती काही उरणार नाही.