परदेशगमनापूर्वीची वैद्यकीय तपासणी: मुंबई बंदर ते हिंजवडी

१/
हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करणारे अनेक तरुण अभियंते परदेशी स्थायिक होण्याच्या खटपटीत असतात. पारपत्र, पदव्या, अनुभवाचे दाखले यांची जुळवाजुळव झाली की एक पायरी उरते: वैद्यकीय तपासणी. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, लसीकरणाची नोंद. अर्ध्या दिवसात उरकणाऱ्या या सोपस्कारामागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली काही पाने मुंबईत व पुण्यात लिहिली गेली आहेत. आजचा धागा त्याविषयी.

२/
आरंभ गिरमिटापासून करू. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर कमी पडू लागले. १८३४ पासून तिथे करारबद्ध भारतीय मजूर नेले जाऊ लागले. या व्यवहारातील अत्याचारांचा बोभाटा झाल्यावर १८३९ मध्ये बंदी आली, आणि १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसची वाट पुन्हा खुली झाली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली व घाटावरची मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये स्वतःला मराठी म्हणवतात.

३/
या मजुरांना जहाजावर चढण्यापूर्वी डॉक्टरसमोर उभे राहावे लागे. डॉक्टर पाहत असे ते दोन गोष्टींसाठी: हा माणूस प्रवासात तग धरेल का, आणि मळ्यात राबू शकेल का? पोर्ट लुई येथे उतरल्यावर पुन्हा नोंद आणि पुन्हा तपासणी. तिथल्या आप्रवासी घाटावर रुग्णालयाच्या खोल्यांचे अवशेष आजही उभे आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून घोषित केले. स्थलांतरिताच्या शरीराला विचारलेला हा पहिला प्रश्न होता: तू किती कामाचा आहेस?

४/
दुसरा प्रश्न पुढे आला तो रोगाच्या भीतीतून. त्यापूर्वीचा काळ कसा होता, हे आनंदीबाई जोशी यांच्या प्रवासावरून कळते. त्या ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जेमतेम सव्वा वर्षापूर्वी जगासमोर मांडला होता. एक्स-रेचा शोध लागायला अजून बारा वर्षे होती. संसर्गजन्य रोगाच्या कारणावरून परदेशी माणसाला परत धाडणारा कायदा अमेरिकेत तेव्हा नव्हता. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. आज परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या तपासणीत सर्वाधिक कसून शोध घेतला जातो तो याच रोगाचा.

५/
१८९१ मध्ये अमेरिकेने ‘किळसवाणा अथवा धोकादायक संसर्गजन्य रोग’ असलेल्यांना मज्जाव करणारा कायदा केला. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावरचे केंद्र सुरू झाले. तिथे रांगेतून पुढे सरकणाऱ्या माणसाकडे डॉक्टर काही क्षणच पाहत आणि शंका आली तर त्याच्या कपड्यांवर खडूने अक्षर काढत. डोळ्यांतील खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा, शोधण्यासाठी पापणी उलटी करून बघत. पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी मात्र जहाजावरच, वरवर उरकली जाई. संसर्ग तिकिटाचा वर्ग पाहून होत नाही, हे ठाऊक असूनही तपासणी मात्र वर्ग पाहून होत होती.

६/
आता मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाहता पाहता साऱ्या जगाने मुंबई बंदराची धास्ती घेतली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच सुमारास व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले की, रोगग्रस्त बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची जहाजावर चढण्यापूर्वी, किनाऱ्यावर, दिवसाच्या उजेडात वैद्यकीय तपासणी व्हावी. ‘उतरण्याआधी’ऐवजी ‘निघण्याआधी’ तपासा, हा आजच्या पद्धतीचा गाभा त्यात दिसतो.

७/
याच प्लेगच्या छायेत एक प्रसंग घडला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गांधीजी पुण्यात येऊन टिळक, गोखले आणि डॉ. भांडारकर यांना भेटले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची गाऱ्हाणी त्यांना येथे मांडायची होती. नोव्हेंबरअखेरीस ते ‘कुरलँड’ जहाजाने सहकुटुंब मुंबईहून निघाले. १८ डिसेंबरला कुरलँड आणि सोबतचे ‘नादेरी’ ही जहाजे डर्बनला पोहोचली. मिळून सुमारे ८०० प्रवासी होते.

८/
डॉक्टर आले, तपासणी झाली. मुंबई सोडल्यापासून २३ दिवस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आणखी पाच दिवस, जहाजे अलग ठेवण्याचा हुकूम झाला. पाच दिवस सरले, तरी उतरण्याची परवानगी मिळेना. किनाऱ्यावर गोऱ्या रहिवाशांच्या सभा चालू होत्या. भारतीयांना आल्या वाटेने परत पाठवा, ही त्यांची मागणी होती. प्रवाशांना उतरता आले ते १३ जानेवारी १८९७ रोजी. जहाजांवर प्लेग नव्हताच. या हुकुमामागे आरोग्याखेरीज दुसरी कारणे होती, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे.

९/
त्याच वर्षी नाताळ वसाहतीने स्थलांतर निर्बंध कायदा केला. युरोपीय भाषेत अर्ज लिहिता न येणारा, निर्धन, वेडा आणि ‘किळसवाण्या अथवा धोकादायक संसर्गजन्य रोगाने’ ग्रासलेला: या सर्वांना एकाच यादीत बसवून बंदी. रोगाविषयीचे शब्द अमेरिकेच्या कायद्यातल्यासारखेच आहेत, हे लक्षात घ्या. १९०१ च्या ऑस्ट्रेलियन कायद्यातही भाषेची परीक्षा आणि रोगाची अट शेजारी शेजारी आढळतात. वंशाचे नाव न घेता वंश अडवण्याची ही युक्ती होती आणि रोगाचे कलम त्या यादीला प्रतिष्ठा देत होते.

१०/
रोग खरा असला, तरी तपासणीची रीत माणुसकीला सोडून असू शकते. हे १८९७ च्या पुण्याने पाहिले. प्लेग खराच होता. पण रँडच्या अमलात सोजीर घरांत शिरले, देवघरांपर्यंत गेले, स्त्रियांच्या तपासणीत लाज-अब्रूची चाड राखली गेली नाही. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. तपासणाऱ्यावरचा विश्वास उडाला की लोक रोगी लपवू लागतात आणि तपासणीचा मूळ हेतूच फसतो.

११/
१९१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल बेटावरचे केंद्र उघडले. त्याच वर्षी आकडीच्या जंताचा, म्हणजे हुकवर्मचा, समावेश प्रवेश नाकारण्याजोग्या रोगांत झाला. आशियातून येणाऱ्यांची शौचतपासणी होऊ लागली आणि कित्येक भारतीयांना याच कारणाने परत जावे लागले. वास्तविक हा जंत तेव्हाही औषधाने बरा होत असे. उपचार करून आत घ्यायचे की रोग दाखवून परत धाडायचे, ही निवड त्या देशाच्या धोरणाची होती. वैद्यकशास्त्राने तिचे उत्तर ठरवून दिलेले नव्हते.

१२/
१९२४ च्या अमेरिकी कायद्यानंतर तपासणी हळूहळू प्रवाशाच्या मायदेशात, वकिलातींच्या आश्रयाने होऊ लागली. महासागर ओलांडून परत येण्याची नामुष्की टळली. तरी अन्याय संपला नाही. १९७९ च्या आरंभी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, नियोजित वराकडे आलेल्या एका भारतीय स्त्रीची ‘कौमार्य चाचणी’ झाल्याचे उघड झाले. भारत सरकारने निषेध केला, ब्रिटनला ती प्रथा थांबवावी लागली. आरोग्याशी तिचा सुतराम संबंध नव्हता. अमेरिकेने १९८७ पासून एचआयव्ही बाधितांना घातलेली प्रवेशबंदी तर जानेवारी २०१० पर्यंत टिकली.

१३/
आता वर्तमानात येऊ. तात्पुरत्या एच-१बी व्हिसासाठी अमेरिका सहसा अशी तपासणी मागत नाही. कायम वास्तव्यासाठी मागते. ब्रिटन भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी येणाऱ्यांकडून क्षय नसल्याचा दाखला घेते. तपासणी त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते. घरच्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. जाताना मूळ पारपत्र, चष्मा, चालू औषधांची यादी आणि लहानपणापासूनचे लसीकरणाचे कागद न्यावेत. गर्भवती स्त्रीने एक्स-रेपूर्वीच तसे सांगावे.

१४/
सर्वांत महत्त्वाचे: पूर्वी क्षय झाला असेल तर तो लपवू नये. उपचाराची कागदपत्रे आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत, कारण बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही फुप्फुसावर दिसू शकतो. संशय आल्यास थुंकीची तपासणी होते आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. नोकरी, घर, तिकीट यांचे बेत त्या हिशेबाने आखावेत. क्षय निघालाच, तर तो बरा होतो आणि उपचार पूर्ण झाल्यावर वाट बहुधा पुन्हा मोकळी होते. एंजल बेटावरून परत धाडलेल्या माणसाला ही सवड नव्हती.

१५/
जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तेव्हा ही चाचणी निराधार म्हणता येत नाही. पण ब्रिटनसाठी ती ठरावीक देशांत राहून येणाऱ्यांनाच द्यावी लागते, हेही खरे. म्हणून अशा प्रत्येक नियमाला इतिहासाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. रोग खरा आहे का? बरा होणाऱ्याला संधी आहे का? तपासताना माणसाचा मान राखला जातो का? डर्बनच्या किनाऱ्यावर पहिल्याचे उत्तर ‘नाही’ होते, एंजल बेटावर दुसऱ्याचे आणि पुण्यात तिसऱ्याचे.

१६/
आपल्यापैकी कुणाचे पणजोबा-खापरपणजोबा मॉरिशस, आफ्रिका वा अमेरिकेला गेले असतील, तर घरातली जुनी पारपत्रे, लसीचे दाखले, जहाजाची तिकिटे रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांवरचा डॉक्टरचा शिक्का हाही इतिहासाचा पुरावा आहे. आणि उद्या कुणी हिंजवडीहून अशा तपासणीला निघाले, तर आपल्या अहवालाची एक प्रत त्याच पेटीत ठेवा.

(धागा समाप्त)