वादी ओढणारा

पुण्याच्या जुन्या बाजारात, जेथे गंजलेल्या लोखंडाचा आणि मोडक्या पितळेचा जणू दरबारच भरतो, तेथे एका रविवारी सकाळी, कुलपांच्या आणि स्टोव्हच्या सुट्या भागांच्या राशीत अर्धवट दडलेले बिडाचे एक ओतीव यंत्र माझ्या दृष्टीस पडले. दोन टोकांना सहा-सहा इंची दगडी चाके, मध्ये विजेची मोटर आणि बुडाशी मेजाला आवळण्यासाठी चार भोके, अशा या यंत्राला कारखान्यांतील मंडळी बेंच ग्राइंडर म्हणतात. निर्मात्याच्या नावाची पट्टी कोणीतरी पूर्वीच उपटून विकली असल्यामुळे त्याचे गोत्र कळण्याचा मार्ग उरला नव्हता. तथापि शाफ्टच्या दोन्ही अंगांना तेल घालण्यासाठी ठेवलेल्या, झाकणाच्या दोन लहान वाट्या पाहून एवढे निश्चित होत होते की, हे यंत्र अशा काळी घडले होते, ज्या काळी यंत्राबरोबर त्याला रोज तेल घालणारा माणूसही गृहीत धरला जात असे. त्या वाट्यांसाठीच मी ते घेतले.

घरामागच्या पडवीत ते उघडण्यास प्रारंभ केला, तेव्हा डाव्या चाकाच्या नटानेच दोन संध्याकाळी घेतल्या. मी तो नट नेहमीच्या दिशेने सोडवू पाहत होतो, म्हणजे वस्तुतः अधिकच आवळीत होतो. चाके समोर उभ्या राहणाऱ्याच्या अंगावर येतील अशी वरून खाली फिरत असल्यामुळे, डाव्या टोकाचे आटे उलटे पाडावे लागतात. तसे न केल्यास फिरण्याच्या ओघातच नट सुटून चाक निखळावयाचे. हे ध्यानात आल्यावर नट सुटला. मग चाकाच्या भोकात बोट घालून ते अधांतरी धरले आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने त्यावर हलकेच टकटक केली. उजवे चाक स्वच्छ वाजले. डाव्याने मात्र तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज केला. कुंभाराच्या दारी मडके घेताना आपल्याकडील गृहिणी टिचकी मारून जी परीक्षा घेते, तीच ही परीक्षा, आणि ही केवळ उपमा नव्हे, हे पुढे सांगेन. नादहीन चाक फिरवू नये; मिनिटाला २८५० फेरे घेणाऱ्या सहा इंची चाकाची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने धावत असते, आणि त्या वेगात उललेला दगड हा दगड राहत नाही, तो तोफेचा गोळा होतो.

मोटरीच्या तारा सुताने गुंडाळलेल्या होत्या आणि ते सूत बोटाने स्पर्श करताच झडत होते, म्हणून तो भाग मी तारा बांधणाऱ्या एका जाणत्या कारागिराच्या हवाली केला. गनमेटलचे बुश, तेलाच्या वाती आणि शाफ्ट मात्र मी स्वतः घासलेटात धुतले. या कामात हात गुंतलेले असतात आणि मन मोकळे असते. त्या मोकळेपणात एक प्रश्न मला सारखा अडवू लागला. लोखंडाला धार देणाऱ्या माणसाची आठवण भाषेने आणि इतिहासाने कोठे कोठे ठेवली आहे, परंतु त्याच्यासाठी चाक फिरविणारा कोण होता?

आपल्याकडे या यंत्राचे प्राचीन नाव शाण. शाणेवर घासून उजळलेला मणी संस्कृत कवींच्या परिचयाचा होता, आणि ज्या पाषाणाने तो घासला जाई त्याला कुरुविंद असे नाव होते. मराठीत त्याचेच कुरुंद झाले आणि तमिळ भाषेतही त्याच कुळातील शब्द नांदतो. कठिणतेत हा पाषाण केवळ हिऱ्याच्या खालोखाल. त्याची पूड करून ती तापवून पातळ केलेल्या लाखेत कालवावी आणि लाकडी चकतीवर थापून तिचे चाक करावे, ही विद्या हिंदुस्थानातील मणिकारांना आणि शस्त्रे उजळणाऱ्यांना शतकानुशतके अवगत होती. चाकाच्या आसाला चामड्याच्या वादीचा वेढा असे. समोर बसलेला मदतनीस त्या वादीची दोन टोके आळीपाळीने ओढी, त्यामुळे चाक एकदा पुढे आणि एकदा मागे असे फिरत राही, आणि कारागीर त्या उलटसुलट गतीशी आपल्या हाताचा दाब जुळवून घेई. म्हणजे एका तलवारीला दोन माणसे लागत. धारेची कीर्ती एकाची, आणि खांदे दुसऱ्याचे. पुष्कळदा तो दुसरा घरातलाच कोणी, मुलगा वा पत्नी, असे.

हा धंदा करणाराला आपण शिकलगार म्हणतो. सैकल म्हणजे झिलई, या अरबी शब्दाला फार्सीचा गर हा प्रत्यय लागून ही संज्ञा झाली. शिलेखान्यातील हत्यारे उजळून, त्यांचा गंज काढून, त्यांना धार व पाणी देऊन ती मोहिमेस सिद्ध करणे हे या लोकांचे काम, आणि जोवर संस्थाने व सरदार शस्त्रे बाळगून होते तोवर त्यांचा रोजमुरा चालू राहिला. पुढे राज्ये गेली. सत्तावन्नच्या उठावानंतर हत्यारे जप्त झाली आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने तर खाजगी हत्याराला परवान्याची बेडी पडली. ज्यांच्या चाकावरून तलवारी उतरत त्यांच्याकडे आता विळ्या, अडकित्ते आणि कात्र्या येऊ लागल्या. परंतु हुन्नर असलेला हात एका दारी अडला म्हणजे दुसरे दार शोधतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण मिरजेचे आहे. तेथील सतार आणि तंबोरे आज साऱ्या देशात मानले जातात, आणि ती वाद्ये घडविणारी मूळ घराणी शिकलगारांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी शस्त्रांचा उतरता धंदा सोडून भोपळा आणि तारा हाती घेतल्या. ज्या कानाने पात्याचा नाद पारखला, त्याच कानाने पुढे जवारी लावली असेल, अशी कल्पना करण्याचा मोह मला आवरत नाही.

हिंदुस्थानात वादी ओढणारा माणूस होता, तर इंग्लंडमधील शेफील्ड येथे ती वादी नदीने ओढली. शीफ, पोर्टर, रिव्हेलिन, लॉक्सली आणि डॉन या पाच नद्यांच्या काठी पाणचक्क्यांवर वालुकाश्माची प्रचंड चाके फिरत, आणि त्या चाकांवर अर्ध्या जगाच्या सुऱ्या, वस्तरे व काटे धार घेऊन बाहेर पडत. घासणारा माणूस घोड्यावर बसावे तसा चाकामागच्या लाकडी बैठकीवर बसे आणि पुढे ओणवून पाते दगडावर दाबी, म्हणजे त्याचे नाक आणि तोंड नेमके धुळीच्या झोतावर येई. सुऱ्यांचे मोठे चाक पाण्यात बुडून फिरे. परंतु काटे व सुया कोरड्या दगडावरच घासाव्या लागत. वालुकाश्म म्हणजे गारेचाच चुरा. ती गार सूक्ष्म होऊन फुप्फुसात बसे, तेथे व्रण करी, आणि धडधाकट तरुण हळूहळू श्वासाला महाग होई. पाणचक्कीच्या दिवसांत उन्हाळ्यात ओहोळ आटले म्हणजे काम सक्तीने थांबे आणि छातीला तेवढीच उसंत मिळे; वाफेचे यंत्र आल्यावर ती उसंतही गेली आणि बारमाही धूळ बंद खोल्यांत कोंडली गेली.

शेफील्डच्या डॉ. नाइट यांनी या दम्याचे वर्णन करून ठेवले आहे, आणि त्यांच्या आधाराने १८४५ साली फ्रीड्रिश एंगल्स याने आपल्या ग्रंथात नमूद केले की, कोरडी घासणी करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे आणि ओली घासणी करणाऱ्यांचेही क्वचितच ४५ च्या पुढे जाते. त्याने लिहिलेली पुढची गोष्ट वाचून तर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. दगडावर आच्छादन बसवून हवेच्या झोताने धूळ ओढून नेण्याची योजना निघालेली होती. पण कोरडी घासणी करणाऱ्यांना ती नको होती, आणि कोठे कोठे त्यांनी ती मोडूनही टाकली. कारण असे की, काम निर्धोक झाले तर अधिक माणसे त्यात शिरतील आणि मजुरी उतरेल. ज्या मनुष्याच्या मजुरीचा आधार त्याचे अल्पायुष्य हाच आहे, त्याला हा हिशेब चुकला असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कसा पोहोचतो? हिशेब त्याने बरोबरच मांडला होता. तो मांडण्याची पाळी त्याच्यावर यावी हाच खरा अन्याय.

या दगडातून सुटका झाली ती एका कुंभारवाड्यात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वूस्टर या गावी फ्रँकलिन नॉर्टन याचा मातीची भांडी भाजण्याचा कारखाना होता. तेथील स्वेन पल्सन या स्वीडिश कामगाराने १८७३ च्या सुमारास एमरीची, म्हणजे अशुद्ध कुरुंदाची, पूड चिकणमातीत मळून तिचे चाक केले आणि ते भांड्यांबरोबर भट्टीत भाजून काढले. आजचे ग्राइंडरचे चाक ते हेच. मातीच्या बंधाने सांधलेले आणि आव्यातून निघालेले मडके. माझ्या पडवीतली टकटक खरीखुरी मडक्याची परीक्षा होती ती अशी.

यानंतर १८९१ साली पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसन हा संशोधक कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत होता. लोखंडी कढईत माती आणि कोक भरून त्याने विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा कार्बनच्या कांडीच्या टोकाला काही लखलखीत कण चिकटलेले त्याला आढळले, आणि त्यांनी काच चरचरा कापली. हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा अशा समजुतीने त्याने त्याचे नाव कार्बोरंडम ठेवले. समजूत चुकीची होती, कारण तो पदार्थ सिलिकॉन आणि कार्बन यांचा निघाला. पण नाव राहिले. या नावात आपला कुरुंद बसलेला आहे, याची जाणीव आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत क्वचितच कोणाला असेल. दक्षिणेतला तो पाषाण युरोपात गेला, १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, त्याचे नाव कोरंडम म्हणून रुळले, आणि शंभर वर्षांनी नायगाराच्या धबधब्यावरील विजेने पेटलेल्या भट्ट्यांतून ते दुसऱ्याच एका द्रव्यावर शिक्का होऊन बाहेर पडले. थोड्याच वर्षांत बॉक्साइट वितळवून खुद्द कुरुंदही भट्टीत होऊ लागला. माझ्या यंत्रावरची दोन्ही राखी चाके त्याच जातीची आहेत. या चाकांत मोकळी गार नाही, आणि केवळ एवढ्याने शेफील्डच्या मरणाचे मुख्य कारण चाकातून निघून गेले. धूळ मात्र धूळच राहिली. आणि खंभातला जो कारागीर अकीक घासतो, त्याच्या बाबतीत गार चाकात नसून घासावयाच्या वस्तूतच असते, म्हणून त्याच्या छातीला हा शोध अद्याप पुरेसा पावलेला नाही.

राहिली वादी. एकोणिसाव्या शतकातील कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून उतरणाऱ्या चामडी पट्ट्यांवर प्रत्येक यंत्र चाले. एक पट्टा तुटला की माणसाचा हात जाण्याची भीती असे. मुंबईकडे १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून वीज आली, आणि लोणावळ्याच्या डोंगरात साठलेले पावसाचे पाणी घाटाखाली उतरून गिरण्यांची चक्रे फिरवू लागले. पुढे मोटर लहान झाली, स्वस्त झाली आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात जाऊन बसली. चाकेही येथेच होऊ लागली. उरणजवळ मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा आणि पुढे १९५४ मध्ये मद्रासकडे कार्बोरंडम युनिव्हर्सलचा उद्योग उभा राहिला. वर्कशॉपच्या कोपऱ्यात मेजावर आवळलेला बेंच ग्राइंडर हा या सर्व प्रवासाचा शेवटचा मुक्काम: एक माणूस, एक बटण, आणि समोर वादी धरून बसलेले कोणी नाही. रस्त्यावरून सुरी-कात्रीला धार, अशी हाक देत जाणारा आपला सायकलवाला अजून या मुक्कामाच्या अलीकडे आहे. सायकल स्टँडवर चढवून तो स्वतःच पायांनी चाक फिरवितो आणि स्वतःच धार धरतो, म्हणजे शिकलगार आणि वादी ओढणारा या दोघांचाही वारस तो एकटाच.

तारा बांधून मोटर परत आली. बुश बसविले, वाती तेलात भिजविल्या, तडा गेलेल्या डाव्या चाकाच्या जागी नवे चाक घेतले, दोन्ही चाकांना दोन्ही अंगांनी जाड कागदाच्या चकत्या लावल्या, टेकू चाकापासून तीन मिलिमीटरवर आणून आवळला, आणि पहिल्याने बटण दाबताना, जाणत्यांच्या सांगण्याप्रमाणे, पूर्ण एक मिनिट चाकाच्या रेषेतून बाजूला उभा राहिलो. मग गंजलेल्या विळीचे पाते टेकूवर धरले. ओल्या फडक्याने नाक बांधले होते. शेफील्डविषयी वाचल्यापासून मला ते बांधल्यावाचून उभे राहवत नाही. ठिणग्या पिवळ्या आणि टोकाशी फुटणाऱ्या निघाल्या, म्हणजे पाते चांगल्या कार्बनी पोलादाचे होते; साध्या घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि न फुटणाऱ्या असतात.

बटण बंद केल्यावर चाक बराच वेळ फिरत राहिले. नवे चाक अद्याप सारखे केलेले नव्हते, त्याची एक बाजू किंचित जड होती. त्यामुळे अगदी थांबण्याच्या क्षणी ते थोडे मागे आले, पुन्हा थोडे पुढे गेले, पुन्हा मागे आले, समोर बसून कोणी वादीची दोन टोके हलक्या हाताने ओढावी तसे. दुसऱ्या दिवशी हिऱ्याचे टोक फिरवून मी त्याची कड सारखी केली. आता ते कोठेही थांबते, आणि थांबले की हलत नाही.