रेल्वे न पोहोचलेल्या वाटा

मुरगाव बंदर ते कॅसलरॉक हा मीटरगेज लोहमार्ग १८८८ साली खुला झाला. गोव्याच्या वाहतुकीचा इतिहास सांगताना बहुधा येथूनच प्रारंभ केला जातो. पण या मार्गाने पेडणे व डिचोली या तालुक्यांना स्पर्शही केला नव्हता. पेडण्यास आगगाडी आली ती कोकण रेल्वेची, शतक उलटल्यावर. मग तेथील भात, मीठ, नारळ वाहिले कोणी? बैलगाडीने, होडीने आणि माणसाच्या डोक्याने.

लोहमार्गाचे करारमदार दप्तरात राहतात. बैलगाडीचे दप्तर नसते. ती मोडली की चुलीत जाते. हे ओळखून व्हिक्टर ह्यूगो गोम्स या कलावंताने बाणावली येथे ‘गोवा चक्र’ हा संग्रह स्वतःच्या ध्यासाने उभा केला. त्यात गाड्या आहेत, बग्ग्या आहेत, पालख्याही आहेत.

साधे चाकच पाहावे. मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, त्यांवर लाकडी पुठ्ठ्यांचे वर्तुळ जुळवायचे, मग लोखंडी धाव लाल होईतो तापवून वर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आकसते व सारे सांधे आवळून धरते. यात खिळ्यापेक्षा अंदाजाला किंमत. धाव बोटभर सैल झाली तर गाडी चढणीवर रडते! हा अंदाज कोणत्याही कागदावर नाही. बाणावली दक्षिणेस, सासष्टीत आहे. पेडणे-डिचोलीच्या गोठ्यांमागे जी चाके अद्याप टेकून असतील, त्यांची धाव चढविणाऱ्यांना विचारण्याचे काम मात्र तेथेच जाऊन करावे लागेल.