सीएनसी राऊटर, घरगुती

आकड्यांच्या रूपात मिळालेल्या आज्ञांनुसार फिरते बिट तीन दिशांना नेऊन लाकूड कापणारे, कोरणारे व भोके पाडणारे, आणि कारागिराने सुटे भाग जमवून स्वतः उभारलेले यंत्र. बिट डावी-उजवीकडे नेणारा एक्स, पुढे-मागे नेणारा वाय आणि वर-खाली नेणारा झेड असे त्याचे तीन अक्ष असतात. नामफलक, देव्हाऱ्याची जाळी, दाराच्या फळीवरील नक्षी, फर्निचरचे एकसारखे भाग अशी कामे त्यावर होतात. यंत्राची अचूकता प्रथम सांगाड्याच्या ताठपणावर व काटकोनावर अवलंबून असते. इलेक्ट्रॉनिक भाग कितीही चांगले असले, तरी सांगाड्यातला दोष त्यांना भरून काढता येत नाही.

इतिहास : हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र अचूक मिळावेत, या गरजेतून अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी यंत्राला आकड्यांनी चालवण्याची कल्पना मांडली. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कामाला पैसा दिला आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे तीन अक्षांचे मिलिंग यंत्र दाखवले. पुढची अनेक वर्षे ही यंत्रे मोठ्या कारखान्यांतच राहिली. १९९० च्या दशकात ‘शॉपबॉट’सारखे राऊटर छोट्या सुतारशाळांत पोचले. सिमेन स्कॉग्सरूड यांनी २००९ मध्ये लिहिलेली ‘जीआरबीएल’ ही मुक्त आज्ञावली आर्डुइनो या स्वस्त बोर्डावर चालते. तिच्यामुळे घरगुती बांधणीचा मोठा खर्च कमी झाला.

महाराष्ट्रात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या पाबळच्या (जि. पुणे) विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रे लोकांना वापरायला देणारी कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक होय. संगणकावर चालणारी यंत्रे खेड्यातल्या तरुणांच्या हाती देता येतात, हे तिने दाखवले.

बिडकीन परिसर : बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील, पैठण तालुक्यातील गाव. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ७,८५५ एकरांच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाले. त्याआधीपासून जिल्ह्यात यंत्रकामाची परंपरा आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या आणि इतर मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वाळूज व चिकलठाण्यात लेथ, मिलिंग व लेझर कटिंगची जॉबवर्क करणारी शेड वाढली. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे व हत्यारे बनवण्याचे शिक्षण मिळते. बिडकीनमध्ये घरी राऊटर उभारणाऱ्याला या शेडची जवळीक फार मोलाची आहे. मोटारीच्या प्लेटी, बेअरिंगची बैठक, स्क्रूची कातलेली टोके हे भाग घरच्या ड्रिलवर नीट होत नाहीत. ते अशा शेडमध्ये करून घेऊन जुळणी घरी करता येते.

सांगाडा व हालचाल : सांगाडा एमडीएफ, ॲल्युमिनियमचे खाचदार सेक्शन किंवा लोखंडी चौकोनी पाइप यांचा करतात. एमडीएफ स्वस्त असले, तरी पावसाळ्यात फुगते. लोखंड ताठ असते, मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप वाकतात. म्हणून रेल बसण्याचे पृष्ठभाग नंतर मिलिंग करून घ्यावे लागतात. ॲल्युमिनियमचे सेक्शन बोल्टने जोडले जातात व पुन्हा सैल करून काटकोनात आणता येतात, त्यामुळे पहिल्या यंत्रासाठी ते सोयीचे पडतात.

हालचालीसाठी चौकोनी लिनिअर रेल आणि बॉलस्क्रू ही जोडी उत्तम. दातेरी पट्टा स्वस्त व वेगवान असतो, पण ताण आल्यावर किंचित लांबतो. लांब स्क्रू वेगात फिरताना थरथरतो. त्यामुळे ४ × ८ फुटांचा पूर्ण प्लाय मावणाऱ्या यंत्रात लांब अक्षाला बहुधा रॅक-पिनियन बसवतात. बिट फिरवण्यासाठी सुताराचा ट्रिमर चालतो. रोज तासन्‌तास काम असेल, तर १.५ किंवा २.२ किलोवॉटचा स्पिंडल व त्याचा वेग बदलणारा व्हीएफडी घेणे योग्य.

नियंत्रण : नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर प्रत्येक पावलाचे ८ भाग केले, तर फेऱ्याला १,६०० स्पंद लागतात. बॉलस्क्रूचा आटा ५ मिमीचा असेल, तर १ मिमी सरकण्यासाठी ३२० स्पंद द्यावे लागतात. हाच आकडा नियंत्रकात भरतात. जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद देऊ शकते. म्हणजे अशा अक्षाची कमाल गती मिनिटाला साधारण ५,६०० मिमी होते. साध्या स्टेपरला आपण खरोखर कुठे आहोत हे कळत नाही. अडखळून पावले चुकली, की पुढचे सगळे काम सरकते. अक्षांच्या टोकांना लिमिट स्विच बसवून दर वेळी ठरलेल्या जागेपासून सुरुवात करण्याचे कारण हेच.

जुळणी : आधी टेबल समपातळीत आणून दोन्ही रेल समांतर करतात, मग स्पिंडल पेलणारी आडवी गँट्री गुण्यात बसवतात. काटकोन तपासण्याची खात्रीची रीत कर्णांची आहे. यंत्राकडून १,००० मिमी बाजूच्या चौरसाचे चार कोपरे खुणवून घ्यावेत व दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत १.४ मिमी फरक आला, तर चौरस एका बाजूला १ मिमी कलला आहे. शेवटी टेबलावर एमडीएफचा तक्ता लावून तो यंत्राकडूनच सपाट करून घेतात. पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर हा तक्ता पुन्हा सपाट करावा.

वापर : संगणकावर आकृती काढणे, बिटाचा मार्ग ठरवणे, त्या मार्गाची जी-कोड फाइल करणे, लाकूड शिकंज्यांनी आवळणे, शून्य बिंदू लावणे आणि कापणे असा कामाचा क्रम असतो. पुढे सरकण्याची गती म्हणजे फेरे, बिटाच्या धारा आणि दर धारेने काढायचा छिलका यांचा गुणाकार. मिनिटाला १२,००० फेरे, २ धारा आणि ०.०५ मिमी छिलका घेतला, तर गती मिनिटाला १,२०० मिमी येते. गती फार कमी ठेवली, तर धार कापण्याऐवजी घासते, लाकूड काळे पडते आणि बिट तापून बोथट होते. सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते. त्यासाठी कार्बाइडचे बिट लागते. खालून वर छिलका ओढणारे बिट खाच स्वच्छ ठेवते, पण प्लायची वरची कड उचकटते. वरून खाली दाबणाऱ्या बिटाने ती कड साफ येते.

गोल बिट आतला कोपरा काटकोनी कापू शकत नाही. म्हणून कुसू-खाचेच्या सांध्यात कोपऱ्याला लहान गोल खोबण द्यावी किंवा कोपरा पटाशीने मोकळा करावा. १८ मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय नेमका तेवढ्याच जाडीचा असेलच असे नाही. खाच काढण्यापूर्वी व्हर्नियरने मोजणे आवश्यक.

वीज खंडित होण्याचा विचार आधीच करावा लागतो. नियंत्रक यूपीएसवर आणि स्पिंडल थेट विजेवर असेल, तर वीज जाताच बंद पडलेले बिट लाकडात ढकलले जाते व मोडते. म्हणून दोन्ही एकाच वेळी बंद होतील अशी जोडणी ठेवावी, आणि वीज आल्यावर यंत्र मूळ जागी नेऊन काम सुटलेल्या ओळीपासून पुढे चालवावे.

सुरक्षितता : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. धूळ ओढणारे यंत्र व चांगला मास्क हा बांधणीच्या खर्चाचाच भाग धरावा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, सर्व धातूच्या भागांना अर्थिंग आणि हाताच्या अंतरावर तत्काळ बंद करणारे लाल बटण हवे. फिरत्या बिटाजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाह्या चालत नाहीत. यंत्र चालू ठेवून खोली सोडू नये, कारण घासून तापलेला भुसा पेट घेऊ शकतो.

मर्यादा व महत्त्व : लाकडाचे रेषे कोणत्या दिशेने धावतात, गाठ कुठे आहे, फळी पुढे कशी वाकेल, हे यंत्राला कळत नाही, ते सुतारालाच ओळखावे लागते. एकच पाट घडवायचा असेल, तर रंधा व पटाशी अनेकदा लवकर काम उरकतात. तोच आकार पन्नास वेळा हवा असला, किंवा बारीक जाळीतले प्रत्येक घर सारखे हवे असले, की राऊटरची किंमत वसूल होते. बिडकीनसारख्या गावातल्या सुतारशाळेत दुरुस्तीसाठी बाहेरून माणूस येईपर्यंत काम थांबवणे परवडत नाही. घरगुती बांधणीचा खरा लाभ इथे आहे : ज्याने प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला, त्याला बिघाड कुठे शोधायचा हे ठाऊक असते, आणि जुने कसब असलेल्या सुताराच्या हाती असे यंत्र आले, तर त्याच्या कामाचा आवाका त्याच्याच सुतारशाळेत राहून वाढतो.