कातकऱ्यांची वाडी

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, कीं भिवंडी तालुक्यांत वीटभट्ट्यांची कामें सुरू होतात. ज्या कातकरी वाड्या पावसाळ्यांत मुलाबाळांनीं गजबजलेल्या असतात, त्या ओस पडूं लागतात. भांडींकुंडीं, कोंबड्या आणि तान्हीं मुलें घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें भट्टीवर राहावयास जातात, तीं पहिल्या पावसाच्या सुमारास परत येतात. शहरांतील मनुष्याला हे वीट पाडणारे लोक कोठून तरी आलेले उपरे वाटतात. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. ज्यांच्या हातच्या विटांनीं शहर उभें राहिलें, ते शहराहून या मुलखाचे जुने रहिवासी आहेत.

कातकरी अथवा काथोडी हें नांव त्यांच्या धंद्यावरून पडलें. खैराच्या गाभ्याचे लहान लहान तुकडे करावे, ते मडक्यांत उकळावे, निघालेला अर्क आटवून घट्ट करावा व वाळवून त्याच्या वड्या पाडाव्या, अशी त्यांची कृति होती. विड्याला रंग आणणारा कात तो हाच. रामचंद्राच्या सैन्यांतील वानरांपासून आपला वंश चालत आला, अशी त्यांची जुनी समजूत आहे. त्यांची स्वतःची बोली मराठीची बहीण शोभावी अशी आहे. ठाणें व रायगड जिल्ह्यांतील डोंगरांच्या पायथ्याशीं त्यांच्या वाड्या आजहि आहेत.

रान होतें तोंवर जमिनीची मालकी हा प्रश्न त्यांच्यापुढें आलाच नाहीं. १८७८ सालीं जंगलाचा कायदा झाला, रानें सरकारी राखीव ठरलीं, आणि खैर तोडणें हा एकाएकीं अपराध झाला. धंदा गेला, नांव मात्र उरलें. त्यानंतर या लोकांनीं कोळसा पाडला, सावकाराच्या शेतावर राबले, विटा थापल्या. पावसाळ्यांत घरांत दाणा नसे, तेव्हां मालकाकडून उचल घ्यावी आणि हंगामभर राबून ती फेडावी, असा क्रम पडला. पुष्कळदां हंगाम संपे, पण उचल फिटत नसे. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली. तरीहि पोटासाठीं आगाऊ पैसे घेण्याची गरज कायद्यानें कशी नाहींशी व्हावी?

यापेक्षां खोल दुखणें वाडीच्या जागेचें आहे. तें समजण्यासाठीं दूर अमेरिकेंतील एका जमातीचें उदाहरण उपयोगी पडेल. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागांत सेनेका नांवाचे मूळ रहिवासी राहतात. ‘मोठ्या टेकडीचे लोक’ असें ते स्वतःस म्हणवितात. १७९४ सालीं अमेरिकन सरकारनें त्यांच्याशीं तह करून त्यांची भूमि त्यांचीच असल्याचें मान्य केलें. हा तह असतांहि १९६५ सालीं पुऱ्या झालेल्या किंझुआ धरणानें त्यांची सुमारें दहा हजार एकर जमीन घेतली. घरें हललीं, पूर्वजांच्या कबरीहि हलवाव्या लागल्या. तो कागद पाण्याला अडवूं शकला नाहीं. पण तो निरुपयोगीहि ठरला नाहीं. सालामांका हें शहर सेनेकांच्या जमिनीवर वसलेलें आहे, आणि तेथील घरमालक त्या जमिनीचें भाडें सेनेकांना देतात. जुने भाडेपट्टे १९९१ सालीं संपले, तेव्हां नवे करार करावे लागले. १८४८ पासून स्वतःची घटना असलेली ही जमात आज त्या भूमीवर नांदत आहे.

कातकऱ्यांशीं असा तह कोणी केला नाहीं. त्यांच्या अनेक वाड्या खासगी जमिनीवर वसल्या आहेत. जमीनदाराला मजूर हवे होते, म्हणून त्यानें वाडी बसूं दिली. सातबाऱ्यावर नांव मात्र त्याचेंच राहिलें. २००६ च्या वनाधिकार कायद्यानें जंगलजमिनीवरील कसणुकीला मान्यता दिली, पण खासगी जमिनीवरील वाडीला तो लागू पडत नाहीं. आतां भिवंडीच्या आसपास गोदामांची रांग वाढत आहे. जमिनीला भाव आला आहे. जमीन विकली गेली, कीं नव्या मालकाला वाडी नकोशी होते.

२०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत कातकऱ्यांची संख्या सुमारें २ लाख ८५ हजार भरली. कोलाम व माडिया गोंड यांच्यासह ते राज्यांतील विशेष दुर्बल आदिम जमातींपैकीं एक गणले जातात. अशा जमातींच्या घरकुलांसाठीं २०२३ सालीं केंद्र सरकारनें पंतप्रधान जनमन योजनाहि काढली. पण घर मंजूर झालें तरी तें उभारावयास पायाखालीं स्वतःची जागा लागते.

जंगलाचा कायदा आला, धंदा बुडाला, सावकारी झाली, तरी हे लोक या मातींत टिकून आहेत. आपलें अस्तित्व त्यांनीं सिद्ध केलें आहे; त्याची नोंद कागदावर व्हावयाची राहिली आहे. पहिला पाऊस पडला, कीं भट्टीवरून कुटुंबें माघारीं येतात आणि गळकें छप्पर शाकारूं लागतात. तें छप्पर ज्या जमिनीवर उभें आहे, ती त्यांची केव्हां म्हणावयाची?